कुकडी खोऱ्यातील मत्स्यांचे अन्न व अन्नसेवन : मढ परिसराच्या संदर्भात एक विवेचन

जुन्नर तालुक्याच्या पश्चिम भागात, माळशेज घाटाच्या माथ्याकडून पूर्वेकडे येणाऱ्या रस्त्यावर मढ हे गाव वसले आहे. पश्चिमेस हरिश्चंद्रगडाचा डोंगर, पूर्वेस ओतूरकडे उघडत जाणारे खोरे आणि गावालगत पिंपळगाव जोगे येथील धरणाचा पसरलेला जलाशय, अशी या परिसराची रचना आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाचा जोर अतिशय असतो; परंतु पूर्वेकडे थोडेसे अंतर गेले की तो झपाट्याने ओसरतो. भाताची खाचरे संपून बाजरीची शेते लागतात, ती याच कारणाने. येथील ओढ्यांचे पाणी कुकडीला, कुकडीचे घोडीला, घोडीचे भीमेला आणि भीमेचे कृष्णेला मिळते. म्हणजे पश्चिम समुद्र तुलनेने जवळ असूनही येथील जलचरांचे नाते पूर्व समुद्राला मिळणाऱ्या नदीसंस्थेशी आहे.

या लहानशा भूभागात तीन प्रकारचे पाणी एकमेकांशेजारी आढळते. पहिले, जुलै-ऑगस्टमध्ये दगडगोट्यांवरून वेगाने धावणाऱ्या ओढ्यांचे. दुसरे, प्रवाह तुटल्यानंतर मार्च-एप्रिलपर्यंत कातळातील डोहांत साठून राहणारे. तिसरे, धरणाने अडवलेले विस्तीर्ण व संथ पाणी. पहिली दोन एकाच ओढ्याची ऋतुमानानुसार होणारी रूपे असून ती फार प्राचीन आहेत. तिसरे मानवाने अलीकडे निर्माण केलेले आहे. या तीन पाण्यांत मासा काय खातो व ते अन्न त्याला कोणत्या मर्यादेत मिळते, या प्रश्नाचे विवेचन येथे करावयाचे आहे. प्रश्न वरवर पाहता साधा वाटतो. परंतु धरणानंतर कोणत्या जाती टिकतील, कोणत्या नाहीशा होतील आणि जलाशयात कोणते मत्स्यबीज सोडणे शहाणपणाचे ठरेल, या सर्वांची उत्तरे त्यावरच अवलंबून आहेत.

पूर्वीच्या नोंदी

दख्खनमधील माशांचा पहिला पद्धतशीर परिचय कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी करून दिला. मुंबई सरकारच्या सांख्यिकी खात्याचे काम करीत असताना त्यांनी दख्खनच्या नद्यांतील मासे जमविले आणि १८३९ मध्ये त्यांची वर्णने लंडनच्या प्राणिविज्ञान संस्थेमार्फत प्रसिद्ध झाली. साइक्स यांनी अनेक जातींना स्थानिक कोळ्यांच्या तोंडची मराठी नावेच शास्त्रीय नावे म्हणून दिली, ही गोष्ट मराठी अभ्यासकाने विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ‘गारा मुल्या’ या नावातील मल्या, ‘हिप्सेलोबार्बस कोलस’ यातील कोळस, ‘मिस्टस सींगटी’ यातील शिंगटी आणि ‘शिस्माटोऱ्हिंकस नुक्ता’ यातील नकटा, ही नावे आजही जगभरच्या ग्रंथांत याच रूपात वापरली जातात. नकटा हा मासा साइक्स यांना इंद्रायणीत चाकणजवळ मिळाला होता. महसीराच्या दख्खनी जातीचे, म्हणजे ‘टॉर खुद्री’चे, वर्णन त्यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील नमुन्यांवरून केले.

त्यानंतर फ्रान्सिस डे यांनी १८७२ मध्ये पुण्याकडील एका लहान दगडमाशाचे वर्णन केले. तो आज ‘इंडोरिओनेक्टीस इव्हेझार्डी’ या नावाने ओळखला जातो. नेल्सन अनॅन्डेल यांनी १९१९ मध्ये मुंबई इलाख्यातील लहान ओढ्यांच्या प्राणिसृष्टीचा अभ्यास केला आणि खंडाळ्याच्या ओढ्यातून ‘पॅरासायलोऱ्हिंकस टेन्टॅक्युलेटस’ ही जाती शास्त्रास प्रथम ज्ञात करून दिली. फ्रेझर यांची पुण्याच्या माशांवरील नोंद १९४२ मधील असून टोणपी व मुल्हेरकर यांची १९६३ मधील आहे. इंद्रायणीच्या मत्स्यसृष्टीचा सविस्तर आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. या कार्याचा मुख्य भर जातींची ओळख पटविणे व त्यांची यादी करणे यावर राहिला. त्या जाती कशावर जगतात, हा पुढचा प्रश्न त्या यादीतूनच उभा राहतो.

तोंड व आतडे : शक्यतेची मर्यादा

माशाच्या शरीररचनेवरून त्याच्या अन्नाचा अंदाज बांधण्याची पद्धत जुनी आहे व ती पुष्कळ अंशी विश्वसनीयही आहे. या अंदाजाची सुरुवात तोंडाच्या दिशेपासून होते. अळकुटीसारख्या चपट्या, रुपेरी माशांचे तोंड वर वळलेले असते. असे मासे पृष्ठभागाजवळ राहून पाण्यावर पडणारे कीटक टिपतात. पुंटियस वंशातील लहान माशांचे तोंड समोर असते व मधल्या थरातील जे मिळेल ते त्यांना चालते. मल्याचे तोंड पूर्णपणे खाली असते. त्याच्या खालच्या ओठामागे एक मांसल चकती असून तिच्या साहाय्याने तो वेगवान प्रवाहातही खडकास चिकटून राहू शकतो. जबड्याच्या कठीण धारेने तो खडकावरील शैवालाचा पातळ थर खरवडतो. या थरात करंडक वनस्पती, हरित व नील-हरित शैवाले, जिवाणू आणि त्यांत अडकलेले सूक्ष्म प्राणी एकत्र असतात. तेव्हा अशा माशास ‘शाकाहारी’ म्हणणे सोयीचे असले तरी ते संपूर्णपणे बरोबर नाही.

वाम या माशाचा लांब व संवेदनशील मुखाग्र वाळू-गाळात शिरून कृमी व कीटकांच्या अळ्या शोधण्यास उपयोगी पडतो. रीटा वंशातील मिशाळ माशांच्या टाळूवर बोथट दातांचे पट्टे असतात. गोगलगायींचे व शिंपल्यांचे कवच फोडण्याचे काम ते करतात. मरळ दबा धरून बसतो व जवळ आलेले भक्ष्य एका झेपेत गिळतो. ‘वालागो अट्टू’ या मोठ्या जबड्याच्या माशाचा मुख्य आहार म्हणजे इतर मासे. त्यांची शिकार तो बहुधा रात्री करतो.

अन्ननलिकेची रचनाही अशीच बोलकी आहे. कार्प कुलातील माशांना, म्हणजे मल्या, कोळस, महसीर, रोहू, कटला या सर्वांना, खरे जठर नसते. त्यांच्या जबड्यावरही दात नसतात. अन्नाचा चुरा करण्याचे काम घशातील दात करतात. हे दात कल्ल्यांच्या शेवटच्या कमानीवर असून कवटीच्या तळाशी असलेल्या कठीण गादीवर अन्न दाबून दळतात. जठर नसल्यामुळे आम्लयुक्त पचनाचा टप्पा येथे नाही. अन्न थेट आतड्याच्या फुगीर अग्रभागात जाते व पुढील पचन तेथून सुरू होते. मांसाहारी माशांचे आतडे सामान्यतः शरीराच्या लांबीपेक्षा कमी असते, मिश्राहारी माशांचे तिच्या दोन-तीन पट भरते, आणि शैवाल किंवा सेंद्रिय गाळ खाणाऱ्यांचे कित्येक पट लांब असून पोटात घड्याळाच्या कमानीसारखे गुंडाळलेले असते. वनस्पतिज अन्नातील पोषक द्रव्ये विरळ असतात व ती मिळविण्यास वेळ लागतो. लांब आतडे तो वेळ मिळवून देते.

येथे एका सावधगिरीची आवश्यकता आहे. आतड्याची लांबी एकाच माशात वयानुसार बदलते. रोहूचे पिल्लू प्रथम प्राणिप्लवकांवर जगते व त्या वेळी त्याचे आतडे आखूड असते. वाढ होताना आहार वनस्पतींकडे वळतो आणि आतडेही लांबत जाते. म्हणून ‘अमुक जातीचे अन्न’ असे म्हणताना कोणत्या वयाचे, याचा उल्लेख झालाच पाहिजे. एकच जाती आपल्या आयुष्यात पाण्याच्या अन्नव्यवस्थेत दोन-तीन वेगवेगळ्या जागा घेते.

थोडक्यात, तोंड व आतडे यांवरून मासा काय खाऊ *शकतो* हे समजते. तो प्रत्यक्षात काय खातो, हे ठरविणारे दुसरे घटक आहेत.

ऋतूचे नियंत्रण

समशीतोष्ण प्रदेशात माशांचे वर्ष तापमानाने विभागलेले असते. हिवाळ्यात चयापचय मंद होतो व अन्नसेवन जवळजवळ थांबते. उष्ण प्रदेशात पाणी वर्षभर पुरेसे उबदार राहते, पचन जलद होते आणि मासा बारा महिने खाऊ शकतो. येथे वर्षाचे विभाग पाडणारी शक्ती म्हणजे पाऊस.

मढच्या परिसरात जूनच्या पहिल्या मोठ्या सरींबरोबर ओढे वाहू लागतात, भातखाचरे भरतात आणि मासे प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतात. ‘चढणीचे मासे’ या नावाने महाराष्ट्रातील ग्रामीण लोकांस हा प्रकार पूर्ण परिचित आहे. चढण्याचा मुख्य हेतू अंडी घालणे हा असला तरी त्याचा अन्नाशीही निकटचा संबंध आहे. पूर येताच जमिनीवरील गांडुळे, मुंग्या, नाकतोडे, कुजका पालापाचोळा व जनावरांचे शेण पाण्यात येते. नव्याने भिजलेल्या जमिनीवर सूक्ष्मजीव वेगाने वाढतात आणि त्यांवर प्राणिप्लवक वाढतो. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लांना ज्या आकाराचे अन्न हवे असते, ते नेमके याच वेळी उपलब्ध होते. म्हणजे पैदाशीचा काळ प्रौढ माशांच्या भुकेपेक्षा पिल्लांच्या भुकेशी जुळविलेला आहे. प्रौढ मादीचे उदर त्या सुमारास अंडाशयांनी व्यापलेले असते; अनेक जातींत ऐन पैदाशीच्या दिवसांत अन्ननलिका अर्धवट किंवा पूर्ण रिकामी आढळते. पावसाळा संपल्यावर अन्नसेवन वाढते व शरीरात चरबी साठते. पुढील उन्हाळ्यास सामोरे जाण्याची ती शिदोरी होय.

उन्हाळ्यातील डोह हे याचे दुसरे टोक आहे. पाणी स्वच्छ असते, ऊन तळापर्यंत पोहोचते व खडकांवर शैवाल भरपूर वाढते. परंतु बाहेरून येणारे अन्न जवळजवळ बंद होते. अनेक जाती थोड्या जागेत कोंडल्या जातात. अशा स्थितीत त्यांच्यात अन्नासाठी स्पर्धा वाढते की प्रत्येक जात आपापल्या विशिष्ट अन्नाकडे वळते, हा उष्ण कटिबंधीय मत्स्यविज्ञानातील एक जुना व महत्त्वाचा प्रश्न आहे. झॅरेट व रँड यांनी पनामातील ओढ्यांच्या अभ्यासातून १९७१ मध्ये असे दाखविले की, कोरड्या ऋतूत, अन्न कमी असताना, निरनिराळ्या जातींच्या आहारातील साम्य सर्वांत कमी होते. ओल्या ऋतूत, अन्नाची चंगळ असताना, त्या एकच अन्न वाटून खातात. अॅमेझॉनच्या पूरक्षेत्रातील माशांवरील मायकेल गोल्डिंग यांच्या १९८० मधील ग्रंथात याची वेगळी बाजू दिसते. तेथे पुराच्या काळात मासे बुडालेल्या अरण्यात शिरून झाडांची फळे व बिया खातात आणि पाणी ओसरल्यावर त्यांतील अनेक जाती साठलेल्या चरबीवर निभावतात. दोन्ही उदाहरणांतून निष्पन्न होणारी गोष्ट एकच आहे : माशाचे अन्न हे जातीचे स्थिर लक्षण नसून पाण्याच्या वार्षिक चढउताराशी बांधलेले वर्तन आहे.

सह्याद्रीच्या ओढ्यांतही काठावरील वृक्षांचा वाटा दुर्लक्षणीय नाही. महसीर हा मिश्राहारी मासा असून कीटक, गोगलगायी, शैवाल यांबरोबरच पाण्यात पडलेली उंबरासारखी फळेही खातो. काठावरची झाडे तोडली गेली तर पाण्यातील माशाच्या ताटातील एक वाटी कमी होते, ही गोष्ट नदीकाठच्या वृक्षतोडीचा विचार करताना क्वचितच लक्षात घेतली जाते.

अन्नाचे मोजमाप आणि त्यातील धोका

अन्ननलिकेतील पदार्थांचे विश्लेषण ही या अभ्यासाची मूळ पद्धत आहे. पदार्थ मोजण्याच्या निरनिराळ्या रीतींचे गुणदोष हाइन्स यांनी १९५० मध्ये व भारतात पिल्ले यांनी १९५२ मध्ये तपासले. केवळ किती माशांच्या पोटात एखादा पदार्थ आढळला हे मोजले, तर अल्प प्रमाणात पण नेहमी येणाऱ्या पदार्थास अवास्तव महत्त्व मिळते; केवळ घनफळ मोजले, तर एखाद्याच माशाने गिळलेल्या मोठ्या भक्ष्याने सारा निष्कर्ष फिरतो. या दोहोंचा मेळ घालण्यासाठी नटराजन व झिंगरन यांनी १९६१ मध्ये प्राबल्य-निर्देशांक सुचविला. तीत प्रत्येक पदार्थाचे शेकडा घनफळ व शेकडा आढळ यांचा गुणाकार करून, सर्व गुणाकारांच्या बेरजेशी त्याचे शेकडा प्रमाण काढतात.

समजा, एखाद्या नमुन्यात शैवालाचे घनफळ ५० व आढळ ५०, कीटकांच्या अळ्यांचे ३० व ४०, आणि माशांच्या अवशेषांचे २० व १० असे आले. गुणाकार अनुक्रमे २५००, १२०० व २०० होतात, बेरीज ३९००. तेव्हा निर्देशांक शैवालास ६४.१, अळ्यांस ३०.८ व माशांस ५.१ असे येतील. घनफळात पंचमांश असलेले माशांचे अवशेष थोड्याच पोटांत सापडल्यामुळे योग्य त्या खालच्या क्रमांकावर जातात. हा या पद्धतीचा लाभ होय.

परंतु कोणतेही सूत्र नमुना गोळा करण्यातील चूक दुरुस्त करू शकत नाही. समजा, एखादी जात पावसाळ्यात ८० टक्के कीटक व २० टक्के शैवाल खाते, आणि उन्हाळ्यात १० टक्के कीटक व ९० टक्के शैवाल. दोन्ही ऋतूंचे नमुने एकत्र केले तर सरासरी ४५ व ५५ येईल आणि अभ्यासक त्या जातीची नोंद ‘मिश्राहारी’ म्हणून करील. असा मासा मात्र वर्षाच्या कोणत्याही महिन्यात त्या ओढ्यात नसतो. केवळ पावसाळ्यात नमुने घेणारा तिला कीटकभक्षी म्हणेल, केवळ सुटीत उन्हाळ्यात येणारा शैवालभक्षी म्हणेल, आणि प्रत्येकाची आकडेमोड निर्दोष असेल. एकाच जातीविषयी निरनिराळ्या ग्रंथांत परस्परविरोधी विधाने आढळतात, त्यांपैकी काहींचे मूळ येथे असावे.

दिवसाच्या वेळेचाही असाच परिणाम होतो. उष्ण पाण्यात पचन काही तासांत पुढे सरकते. मऊ शरीराच्या कृमींचा मागमूस लवकर नाहीसा होतो, तर कीटकांची कठीण कवचे व करंडक वनस्पतींची सिकतामय आवरणे दीर्घकाळ ओळखता येतात. रात्री खाणाऱ्या माशाचा नमुना दुपारी घेतला, तर ‘पोट रिकामे’ एवढीच नोंद हाती लागते. अलीकडे कार्बन व नायट्रोजन यांच्या स्थिर समस्थानिकांच्या मापनाने स्नायूंत प्रत्यक्ष मुरलेले अन्न ओळखता येऊ लागले आहे. पोटातील पदार्थ काल खाल्लेले सांगतात, तर स्नायू गेल्या काही आठवड्यांचा वा महिन्यांचा हिशेब देतात. दोन्ही पद्धती एकमेकींस पूरक आहेत. एकीने दुसरी निरुपयोगी ठरत नाही.

जलाशयातील नवे ताट

पिंपळगाव जोगे हे धरण येडगाव, माणिकडोह, वडज व डिंभे या धरणांबरोबर कुकडी प्रकल्पाचा भाग आहे. या प्रकल्पाने पूर्वेकडील अवर्षणप्रवण भूमीस पाणी दिले, हे त्याचे कार्य निर्विवाद आहे. मत्स्यविज्ञानाच्या दृष्टीने पाहता मात्र धरण म्हणजे अन्नाच्या व्यवस्थेत झालेला आमूलाग्र बदल होय.

संथ पाण्यात प्रवाह मंदावताच गाळ खाली बसतो व गोट्यांवरचा शैवालाचा थर त्याखाली झाकला जातो. मल्यासारख्या खरवडणाऱ्या माशाचे तोंड, चिकटण्याची चकती व लांब आतडे ही सारी सामग्री ज्या एका पृष्ठभागासाठी घडली, तो पृष्ठभागच नाहीसा होतो. ज्या वैशिष्ट्याने त्याला धावत्या पाण्यात निर्विवाद स्थान दिले, तेच येथे अडचणीचे ठरते. दगडांच्या सांदीत राहून वाहत्या पाण्यातील अळ्या टिपणाऱ्या लहान माशांची स्थिती याहून वेगळी नाही. उलट प्लवक खाणाऱ्या, गाळ उपसणाऱ्या आणि कशावरही निभावणाऱ्या जातींना जलाशयात मुबलक अन्न मिळते. उथळ काठावरील जलवनस्पती हा नैसर्गिक तळ्यांतील अन्नाचा मोठा आधार असतो; परंतु सिंचनासाठी पाणी सोडले जात असल्यामुळे येथील काठ दरवर्षी मागे हटतो आणि स्थिर वनस्पतिपट्टा तयार होण्यास अवधी मिळत नाही.

तरीही जुन्या व्यवस्थेची एक छाया जलाशयात शिल्लक राहते. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीवर गाळपेर होते, गवत उगवते, गुरे चरतात. पुढील पावसाळ्यात पाणी पुन्हा चढते तेव्हा ही धसकटे, शेण व मातीतील कीटक बुडतात. नदीच्या पुराने पूर्वी जे केले, ते येथे जलाशयाचा चढता काठ करतो. युंक, बेली व स्पार्क्स यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या पूर-स्पंदाच्या संकल्पनेत, पाण्याने क्रमाने व्यापल्या जाणाऱ्या जमिनीस नदीच्या उत्पादकतेचे मुख्य कारण मानले आहे. गाळपेर जमिनीचा पट्टा या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. तसे पाहिल्यास पाणी किती वेगाने चढते व किती वेगाने उतरते, हा केवळ पाटबंधारे खात्याचा विषय राहत नाही. माशांच्या पिल्लांना मिळणारे अन्न त्यावर ठरते.

बाहेरून आलेले मासे

कटला, रोहू व मृगल हे मूळचे उत्तर भारतातील नद्यांचे मासे. दख्खनच्या जलाशयांत ते बीज सोडून वाढविले जातात. कटला वरच्या थरातील प्लवक, रोहू मधल्या थरातील अन्न आणि मृगल तळाचा सेंद्रिय गाळ खातो. संमिश्र मत्स्यशेतीची सारी पद्धती या विभागणीवर उभी आहे. अन्नसेवनाच्या ज्ञानाचा याहून स्पष्ट व्यावहारिक उपयोग दाखविणे कठीण. परंतु तळ्यात जे तीन थर रिकामे असतात, ते नदीत किंवा जलाशयात रिकामे नसतात. तळाचा गाळ स्थानिक लेबिओ जातीही खातात, प्लवकावर स्थानिक माशांची पिल्ले वाढतात. म्हणून बीज सोडण्यापूर्वी ते अन्न आधी कोण खात आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

तिलापियाचे उदाहरण याहून गंभीर आहे. मूळचा आफ्रिकेतील मोझांबिक तिलापिया भारतात १९५२ मध्ये आणला गेला. कार्प माशांप्रमाणे तो जठरहीन नाही. तिलापियाच्या जठरातील आम्ल अतिशय तीव्र असते. जॉर्ज सरोवरातील नाइल तिलापियावर मोरिआर्टी यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून असे दिसले की, या आम्लामुळे नील-हरित शैवालांच्या पेशी फुटतात व त्यांतील पोषण माशास मिळते. इतर माशांच्या पोटातून जे शैवाल पुष्कळदा न पचताच बाहेर पडते, ते तिलापियास अन्न होते. शिवाय मादी अंडी व पिल्ले तोंडात सांभाळते. तिला पुराची, गोट्यांची वा वर चढण्याची गरज नाही. म्हणजे अन्न व पैदास या दोन्ही बाबतींत तो पावसाळी नदीच्या बंधनातून मुक्त आहे, आणि धरणाने ते बंधन तोडलेलेच असते.

तथापि तिलापियासही मर्यादा आहेत. दक्षिण आफ्रिकेतील सिबाया सरोवरात बोवेन यांनी १९७९ मध्ये असे दाखविले की, उथळ पाण्यातील प्रथिनयुक्त सेंद्रिय थर खाणारी पिल्ले उत्तम वाढतात. मात्र खोल पाण्यात राहणारे प्रौढ मासे पोट भरून खाऊनही कुपोषित राहतात, कारण तेथील थरात प्रथिने अल्प असतात. भरलेले पोट हे पोषणाचे प्रमाण नव्हे, हा त्यातील धडा प्रत्येक अन्नविश्लेषकाने गिरवावा असा आहे.

स्थानिक जातींच्या बाजूनेही काही प्रयत्न झाले आहेत. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा वीज कंपनीने १९७० च्या सुमारास महसीराच्या बीजनिर्मितीचे काम हाती घेतले. दख्खनी महसीराची अंडी, त्यांची वाढ व पैदाशीच्या सवयी यांविषयीचे चं. वि. कुलकर्णी यांचे संशोधन त्याच सुमाराचे आहे. जलाशयात राहणारा महसीर पावसाळ्यात वाहत्या पाण्याकडे वळतो. बीज प्रयोगशाळेत मिळू शकते. पण सोडलेल्या पिल्लास गोटे, वाहते पाणी आणि काठावरची झाडे लागतातच.

पुढील कार्याची दिशा

वरील विवेचनातून असे दिसते की, माशाच्या अन्नाचे तीन पातळ्यांवर नियमन होते. शरीररचना शक्यतेची सीमा आखते. ऋतू त्या सीमेत प्रत्यक्ष निवड घडवितो. आणि पाण्याची हालचाल, म्हणजे वाहणे, तुंबणे, चढणे व उतरणे, ही ऋतूचा परिणाम माशापर्यंत पोहोचविते. धरणाने पाऊस बदलला नाही आणि माशाचे तोंडही बदलले नाही. या दोहोंना जोडणारा दुवा मात्र बदलला.

मढचा परिसर या प्रश्नाच्या अभ्यासास विशेष अनुकूल आहे. जलाशयाच्या वर अद्याप मुक्तपणे वाहणारे ओढे, प्रत्यक्ष जलाशय आणि धरणाखालील नियंत्रित प्रवाह ही तीन क्षेत्रे येथे एका दिवसाच्या फेरीत पाहता येतात. एकच जात तिन्ही ठिकाणी आढळत असेल, तर महिन्यामहिन्याला, दिवसा व रात्री, लहान व मोठ्या माशांचे वेगवेगळे नमुने घेऊन तिच्या आहाराची तुलना करता येईल. अशा तुलनेसाठी फार खर्चिक उपकरणे लागत नाहीत. सूक्ष्मदर्शक, मोजपात्र, फॉर्मॅलिन आणि बारा महिन्यांचे सातत्य पुरेसे आहे. या परिसरातील महादेव कोळी व ठाकर समाजातील जाणत्यांना कोणता मासा कोणत्या पाण्यात, कोणत्या नक्षत्रात सापडतो याचे सूक्ष्म ज्ञान असते. साइक्स यांनी त्यांच्यासारख्यांच्या तोंडची नावे घेतली. त्या नावांबरोबरचे ज्ञानही शास्त्रीय नोंदीत उतरणे आवश्यक आहे.

या कामास विलंब परवडणारा नाही. साइक्स यांना चाकणजवळ मिळालेला नकटा आज संकटग्रस्त जातींत मोडतो. तो कोणत्या महिन्यात काय खात होता याची नोंद वेळीच झाली असती, तर त्याच्या ऱ्हासाचे कारण आज अधिक निश्चयाने सांगता आले असते. मल्या, कोळस व शिंगटी यांच्या बाबतीत ती संधी अद्याप हाती आहे.